वेणीफणी

भाची गोव्याहून आली ती डोक्यावर पन्नासेक बारीक वेण्या घेऊन. मोजल्या नाहीत, पण तेवढ्या असाव्यात. प्रत्येकीच्या टोकाला रंगीत मणी, मान हलवली की खुळखुळ आवाज. किनाऱ्यावर बसलेल्या एका बाईने तीन तास खपून घातल्या म्हणे. माझ्या आईने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "अगं बाई, हे सोडवणार कोण?" एवढंच बोलून चहा टाकायला निघून गेली. भाचीचा प्रश्न बरोबर उलटा होता. "मावशी, हे गॅदरिंगपर्यंत टिकवायचंय. महिनाभर. काय करू सांग."

आमच्या घरात केसांचे प्रश्न माझ्याकडे येतात. यात माझं कर्तृत्व काही नाही, मी आजीच्या हाताखाली वाढले एवढंच.

पंचवटीतल्या जुन्या घरी रोज सकाळी ओसरीवर आमची आगगाडी लागायची. सगळ्यात मागे आजी, तिच्यापुढे काकू, काकूपुढे मोठी चुलतबहीण, मग मी, आणि सगळ्यात पुढे धाकटी, जिच्या हातात कुणाचंच डोकं नसल्यामुळे ती सारखी हलायची आणि गाडीतल्या सगळ्यांच्या वेण्या बिघडवायची. शेजारी खोबरेलाची वाटी (थंडीत तेल गोठायचं, मग ती वाटी उन्हात सरकवायची), दोन कंगवे, एक फणी आणि आजीची काळी आगवळ. रिबिनी फक्त शाळेच्या. आजीला तिपेडी, चौपेडी, पाचपेडी, सागरवेणी सगळं यायचं. पण तिचा खरा अभिमान वेणीच्या नक्षीत नव्हता. "सकाळी सातला घातलेली वेणी संध्याकाळी दिवेलागणीला तशीच दिसली पाहिजे, आणि मुलीचं डोकं दुखता कामा नये." दोन्ही एकदम जमलं तरच वेणी आली असं ती म्हणायची. वेणी घालून झाली की आमचा चेहरा आपल्याकडे वळवून बघायची. भुवया वर ओढल्या गेल्या असतील तर सगळं सोडून पुन्हा घालायची. आम्हाला शाळेला उशीर झाला तरी.

आता कळतं की ती किती बरोबर होती. वेणी घट्ट म्हणजे टिकाऊ, हा समज आपल्या डोक्यात पक्का बसलाय. शाळेत दोन वेण्या, वर दुमडून लाल रिबिनीची फुलं, आणि कपाळावरची एक बट सुटली तर बाईंची बोलणी.. त्या धाकाने कितीतरी आया मुलींचे केस असे काही आवळतात की मुलगी दिवसभर आश्चर्यचकित दिसते. केसाचं मूळ म्हणजे काही खिळा नव्हे. रोज तीच ओढ त्याच जागी पडली की आधी कपाळाच्या कडेचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ते मूळच मरतं, मग तिथे केस येत नाही. ओढ पडून केस जाण्याची ही तऱ्हा ग्रीनलंडमधल्या घट्ट केस बांधणाऱ्या बायकांमध्ये दिसल्याची नोंद 1907 ची आहे. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट, आणि आपण अजून पोरींचे भांग रुंद करत बसलोय. माझ्या वर्गातल्या निदान तिघींचं कपाळ चाळिशीत दोन बोटं मागे सरकलंय. त्यातली एक म्हणते, "आमच्या घराण्यातच आहे." असेल बाई. घराण्यात आवळून वेणी घालायची पद्धतही असेल.

असो. भाचीला मी सांगितलं ते असं.

पहिल्या एकदोन रात्री डोकं दुखलं, किंवा मुळाशी बारीक पुळ्या दिसल्या, तर गॅदरिंग गेलं खड्ड्यात, तेवढ्या वेण्या सोडायच्या. दुखणं सहन केलं की सवय होते असं ज्या मैत्रिणी सांगतील त्यांचं ऐकायचं नाही. रात्री झोपताना वेण्या सैलसर एकत्र बांधून वर रेशमी कापड गुंडाळायचं. सुती उशीवर केस रात्रभर घासले जातात, सुतात तेलही शोषलं जातं, आणि सकाळी वेणीतून कुसळं बाहेर आलेली दिसतात. आईच्या ट्रंकेत येवल्याची एक जुनी, घडीवर फाटलेली साडी होती. तिचा काठ काढून मधल्या भागाचा रुमाल केला. आईचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. पण फाटलेल्या साडीचं दुसरं काय करणार होती ती?

धुवायचं कसं, तर आठवड्यातून एकदा, शांपू पाण्यात पातळ करून, भांगाभांगातून बोटांच्या पेरांनी टाळूला लावायचा. वेण्या चोळायच्या नाहीत, नुसत्या दाबायच्या. मग पंचाने टिपून पूर्ण वाळवायच्या. यातलं "पूर्ण" महत्त्वाचं. वरून वाळलेली वेणी आत ओली राहते, आणि नाशिकच्या थंडीत तर दुपारपर्यंत राहते. ओली वेणी झाकून ठेवली की वास, खाज, कोंडा सगळं आलंच. पावसाळा असता तर मी नाहीच म्हटलं असतं. तेल थेंबभर, तेही टाळूला. आपल्याकडे तेलाची धार लावायची हौस असते, पण बांधलेल्या केसांत ते तेल धूळ धरून बसतं, आणि आपल्या रस्त्यांवर धुळीला काय कमी.

"आणि महिना झाला की सोडायच्या," मी म्हटलं. "फार तर सहा आठवडे."

"पण चांगल्या राहिल्या तर?"

मग मला सांगावं लागलं, की वेण्या चांगल्या दिसणं आणि आतले केस चांगले असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस. त्यातले रोज पन्नास ते शंभर आपापलं आयुष्य संपवून गळतात. हे आजारपण नव्हे, रीतच आहे. रोज विंचरणाऱ्या बाईच्या हातात ते गुंतवळ म्हणून येतात. (दारावर भांडी घेऊन येणाऱ्या बायकांसाठी आजी ते पिशवीत साठवायची. एक पातेलं यायला वर्ष लागायचं.) पण केस बांधून ठेवलेले असले तर गळलेला केस जाणार कुठे? तो तिथेच, जिवंत केसांना विळखा घालून बसतो. सहा आठवड्यांत असे दोन ते चार हजार. म्हणून वेण्या सोडल्यावर मूठभर केस निघाले तर घाबरायचं नाही. आणि म्हणूनच सोडल्यावर विंचरायच्या आधी पाणी अजिबात लावायचं नाही. आधी टोकाकडून वर वर जात बोटांनी मोकळं करायचं, मग जाड दातांच्या कंगव्याने गळलेले केस काढायचे, मगच न्हायचं. गुंत्यावर पाणी पडलं की गुंता आवळतो आणि मग सुटत नाही.

हे शेवटचं वाक्य मी बोलून गेले आणि आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहिलं. दोघींनाही आत्या आठवली होती.

आत्याबद्दल मी इथे कधी लिहिलेलं नाही. तिला विचारून आज लिहितेय.

आत्या दिंडोरी तालुक्यात दिली होती. 1986 च्या पावसाळ्यात तिचं तिसरं बाळंतपण सासरीच झालं आणि मागोमाग तिला ताप धरला. हा ताप, मग अशक्तपणा, मग पुन्हा ताप, असे तीन महिने ती अंथरुणाला खिळली होती. इकडे आजोबा आजारी, त्यामुळे आजीला जायला उशीर झाला. ती पोचली नवरात्रात, सातव्या माळेला. मी अकरा वर्षांची, आजीचं शेपूट, तिच्याबरोबर एस्टीने गेलेली. आत्या भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या पाठीमागचे केस एका जाड, चपट्या, काळसर दोरखंडासारखे झाले होते. त्यावर हळदकुंकू वाहिलेलं.

आजीने नेहमीच्या सवयीने पिशवीतून तेलाची बाटली आणि फणी काढली. तेवढ्यात आत्याच्या सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, हात लावू नका. देवी आलीय. गडावरची." गावातल्या देवऋषीनेही तसं सांगितलं होतं म्हणे, आणि कापली तर घरातला कर्ता पुरुष जाईल असंही. आजीने माझ्याकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. मग फणी पुन्हा पिशवीत ठेवली. निघताना तिने वाकून त्या जटेला नमस्कार केला आणि मलाही करायला लावला. मी केला.

परतीच्या एस्टीत आजी एक शब्द बोलली नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, तिच्या शेवटच्या आजारपणात, मी तिचे केस विंचरत असताना म्हणाली, "तिच्या वेळेला माझी फणी पिशवीतच राहिली गं."

आता मी शांतपणे हिशेब मांडू शकते. बाळंतपणानंतर दोनतीन महिन्यांनी केस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त गळतात. मोठ्या तापानंतरही गळतात. आत्याच्या बाबतीत दोन्ही एकाच वेळी झालं, आणि नेमक्या त्याच तीन महिन्यांत तिच्या डोक्याला कंगवा लागला नाही. उशीवर डोकं घासलं जात होतं, तापाचा घाम येत होता, मधूनच कुणीतरी डोक्यावरून पाणी घालत होतं. जट यायला याहून जास्त काही लागत नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात याला पोलंडच्या नावाने ओळखतात, कारण तिकडे ती एके काळी फार असायची. आणि गंमत बघा, तिकडेही लोक म्हणायचे की कापू नका, कापली तर आजार शरीरात उलटेल, माणूस आंधळा होईल, वेडा होईल. क्राकोचे एक डॉक्टर, युझेफ डीट्ल, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या समजुतीच्या मागे हात धुऊन लागले, की हा रोगबीग काही नाही, केस धुवा, विंचरा, आणि नसेल सुटत तर कापा. देवी बदलली, देश बदलला, धमकी तीच.

इथे कुणी म्हणेल, नाशिकला राहून तुम्ही जटेला नावं ठेवता? 2015 च्या सिंहस्थात मीही तपोवनात साधुग्राम बघायला गेले होते. एका वयस्कर साधूंना मी बराच वेळ बघत उभी होते. ते एकेक जट हातात घेऊन मुळाशी नवे वाढलेले केस बोटांनी वेगळे करत होते, पीळ देत होते, मग पुढची. अगदी आमच्या आजीच्या तल्लीनतेने. धुतलेल्या जटा उन्हात सोडलेल्या. त्यांनी त्या स्वतःहून राखल्या होत्या, त्यांची निगा ते स्वतः करत होते, आणि उद्या उतरवाव्या वाटल्या तर तो त्यांचा प्रश्न. मला त्यांच्या जटेबद्दल तक्रार नाही, जशी भाचीच्या पन्नास वेण्यांबद्दल नाही. माझी तक्रार आहे ती अंथरुणावर पडलेल्या बाईच्या डोक्यात तिला न विचारता आलेल्या जटेबद्दल, आणि मग तिला "तू भाग्याची" म्हणणाऱ्यांबद्दल.

आत्याने ती तेवीस वर्षं वागवली. मंगळवारी आणि शुक्रवारी हळदकुंकू. शेजारच्या बायका पाया पडायला यायच्या, त्याचं तिला बरंही वाटत असणार, खोटं का बोला.. सासरी एरवी तिला कोण विचारत होतं? पण कूस बदलताना मान हाताने उचलून ठेवावी लागायची. उवा झाल्या तर काढायची सोय नाही. उन्हाळ्यात वास यायचा म्हणून लग्नकार्यात ती मागच्या रांगेत बसायची. मी सायन्स शिकले, नोकरीला लागले, आणि दर दिवाळीला तिला भेटत असूनही एक अक्षर बोलले नाही. घरात वाद नकोत म्हणून. आजीची फणी एकदाच पिशवीत राहिली. माझी वीस वर्षं राहिली.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती हे काम कितीतरी वर्षं करतेय. 1989 साली डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ती स्थापली. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतरही जटा सोडवायचं काम थांबलेलं नाही. पुण्याच्या नंदिनी जाधव यांनी तर शेकडो बायकांच्या जटा उतरवल्या आहेत. मला या कामात आवडतं ते असं, की नुसती कात्री चालवणं हे त्यातलं सगळ्यात सोपं. खरा वेळ जातो तो बोलण्यात. दोनदा, चारदा घरी जायचं, नवऱ्याशी बोलायचं, सासूशी बोलायचं, कापल्यावर काही वाईट घडलं तर आम्ही आहोत असं सांगायचं. आत्याकडे 2009 मध्ये कार्यकर्ते आले ते तिच्या धाकट्या मुलाने बोलावलं म्हणून, म्हणजे ज्याच्या जन्मानंतर हे सगळं सुरू झालं त्याने. तिने दोनदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं, "कापल्यावर परत वेणी घालता येईल का?"

आलेल्या ताई म्हणाल्या, "येईल की. थोडी वाट बघावी लागेल."

कापायला वीस मिनिटं लागली. मी तिथे होते. आत्याने डोळे घट्ट मिटले होते. शेवटचा भाग सुटला तशी तिची मान एकदम पुढे गेली, कारण तेवीस वर्षं मागे ओढणारं वजन नाहीसं झालं होतं. ती घाबरली, मग हसायला लागली, मग रडली. जट पाऊण किलोच्या पुढे भरली. कर्त्या पुरुषाला काहीही झालं नाही, ते बाहेर ओट्यावर तंबाखू मळत बसले होते.

केस महिन्याला सेंटिमीटर, सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वेणी येण्याजोगा व्हायला तीनेक वर्षं. 2012 च्या दिवाळीत तिने माझ्यापुढे पाठ करून पाट ओढला. एकोणसाठ वर्षांची बाई, अर्धे केस पांढरे, बोटभर जाडीची तिपेडी वेणी. घातल्यावर मी तिचा चेहरा माझ्याकडे वळवून भुवया बघितल्या.

तुम्हाला वाटेल, हे खेड्यातलं, जुनं झालं. मग शहरातलं सांगते. दोन वर्षांपूर्वी आईला नाशिकमधल्याच एका हॉस्पिटलमध्ये आठवडाभर आयसीयूत ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी मला आत सोडलं तेव्हा आईच्या दोन सैल वेण्या घातलेल्या, दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतलेल्या. शाळकरी मुलीसारखी दिसत होती. सिस्टर म्हणाल्या, "झोपून असलेल्या पेशंटचे केस मागे गोळा होतात ना, मग सुटत नाहीत. म्हणून आम्ही दोन बाजूंना घालतो." त्यांना आभाराचं काही वाटलं नाही, त्यांच्या रोजच्या कामातलं होतं ते. मी मात्र बाहेर येऊन बाकावर बसून राहिले. 1986 मध्ये दिंडोरीच्या त्या घरात तीन महिन्यांत कुणी एकदा एवढं केलं असतं तर!

म्हणून मला असं वाटतं, की एखाद्या घरात बाईला जट आली असं कानावर आलं तर ती देवीची की अस्वच्छतेची हा वाद घालण्याआधी एक विचारावं. ती त्या वेळी आजारी होती का, बाळंतीण होती का, दुःखात होती का, आणि तेव्हा तिच्या मागे बसायला कोण होतं? देवीचं नाव घेणारे आणि "काय ही घाण" म्हणून नाक मुरडणारे, दोघेही हा प्रश्न टाळतात. पहिल्यांना बाईची पूजा परवडते, दुसऱ्यांना कीव परवडते. रोजची पंधरा मिनिटं आणि वाटीभर तेल दोघांनाही परवडत नाही. आपल्या भाषेत "वेणीफणी" हा शब्द बायकांच्या रिकामटेकडेपणासाठी वापरतात, "वेणीफणीतच हिचा दिवस जातो". ज्यांच्या डोक्यात कधी गुंता झाला नाही त्यांनी तो शब्द असा वापरायला सुरुवात केली असावी.

तर, भाचीचं गॅदरिंग झालं. वेण्या शेवटपर्यंत नीट राहिल्या, फक्त कपाळाजवळच्या दोन उसवल्या होत्या, त्या मी तिला पुन्हा घालू दिल्या नाहीत. परवा रविवारी सोडवायचा कार्यक्रम ठेवला. आत्या आली होती. आता बहात्तरीची आहे, चष्म्याचा नंबर वाढलाय, पण बोटं चालतात. भाचीला पुढे बसवलं, मी डावी बाजू घेतली, आत्याने उजवी, आई मणी डबीत भरत होती. एक वेणी काही केल्या सुटेना, मुळाशी गाठ बसली होती. मी भाचीला म्हटलं, जरा पाण्याचा हात लाव गं, म्हणजे सरकेल.

आत्याने माझ्या हातातून ती वेणी काढून घेतली. "पाणी नको," ती म्हणाली. "तेल आण. मला वेळ आहे."